समजून घ्या : नांदेड-लातूरला कामासाठी जाताय? काय खायचं, काय बघायचं आणि कुणाला विचारायचं?

जून महिन्यातल्या कुठल्याही सकाळी लातूरच्या बसस्थानकावर जा. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर गादीची वळकटी आणि सोबत दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी, अशी शेकडो कुटुंबं उतरताना दिसतील. क्लासचा प्रवेश, खोलीचं भाडं, मेसचे पैसे ही कामं दुपारपर्यंत उरकतात. परतीची एसटी संध्याकाळी असते. मधले चार-पाच तास ही माणसं स्थानकाच्या बाकावर बसून काढतात. विचारलं तर सांगतात, "इथं बघायला काय आहे?"

नांदेडचीही गत वेगळी नाही. देशभरातून आणि परदेशातून भाविक येतात, सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकतात, लंगरमध्ये जेवतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडतात. दीड-दोन किलोमीटरवर गोदावरीचे घाट आहेत, किल्ला आहे, जुन्या बाजारात सकाळी सातला वाफाळती तहारी मिळते, हे त्यांच्या गावीही नसतं.

दोन्ही शहरांत लोक येतात ते काही कामाने. पर्यटनासाठी म्हणून क्वचितच कुणी येतं. या लेखात त्याच मधल्या चार-पाच तासांचं आणि जमलं तर एखाद्या जादा दिवसाचं काय करायचं ते बघू.

मोबाइलवर शोधलं तर कळत नाही का?

कळतं, पण अर्धंच. नकाशाच्या ॲपवर 'जवळचं चांगलं हॉटेल' असं टाकलं की जी नावं वर येतात, ती प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतात. तुम्ही शोधलेल्या शब्दांशी ते ठिकाण किती जुळतं, तुमच्यापासून ते किती दूर आहे आणि त्याची ऑनलाइन ओळख किती आहे. या तिसऱ्या गोष्टीत तारे आणि अभिप्राय येतात.

आता विचार करा. सकाळी सहाला लागणारा आणि दहाला संपणारा सुशिल्याचा गाडा ॲपवर नोंद कशाला करेल? त्याचं गिऱ्हाईक रोजचंच. हमाल, रिक्षावाले, दुकानदार यांपैकी कुणी तिथं तारे देत बसत नाही. उलट हायवेवरचा ढाबा किंवा स्टेशनजवळचं वातानुकूलित हॉटेल प्रवाशांवर चालतं, म्हणून त्याचे अभिप्राय शेकड्यांनी असतात. तिथं जेवण वाईट असेलच असं नाही. पण तीच पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी तुम्हाला पुण्यात आणि नागपुरातही मिळते.

म्हणजे ॲपवर आधी दिसतं ते प्रवाशांचं शहर. गावकरी जिथं खातो, ते तोंडी विचारावं लागतं.

मग कुणाला विचारायचं? काय विचारायचं?

"इथं चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की समोरचा माणूस तुमचे कपडे बघून सगळ्यांत महागडं नाव सांगतो. त्याला वाटतं, पाहुण्याला साधं काही सांगितलं तर बरं दिसणार नाही. म्हणून प्रश्न बदला.

- "दादा, तुम्ही सकाळी कुठं नाश्ता करता?"
- "तुमच्याकडं पाहुणे आले की बाहेरून काय आणता?"
- "इथून गावाकडं जाताना लेकरांसाठी काय घेऊन जाता?"

या तीन प्रश्नांची उत्तरं खरी येतात. विचारायचं तर बाजारातल्या जुन्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, एसटीच्या चालक-वाहकांना किंवा कॉलेजच्या पोरांना विचारा. वाहक रोज पाच गावांत चहा पितात, त्यांना कुठली भजी ताजी हे पाठ असतं.

गाड्यावर खाताना पारख सोपी आहे. गर्दी स्थानिकांची आहे का, माल डोळ्यांसमोर तयार होतोय का आणि दहा-अकरापर्यंत संपतोय का, हे बघा. संपणारा गाडा सहसा शिळं देत नाही. पिण्याचं पाणी मात्र आपलं सोबत ठेवा.

नांदेडमध्ये काय खायचं?

नांदेडच्या खाण्यात तीन प्रवाह आहेत आणि तिन्हींना इतिहास आहे.

पहिला मराठवाड्याचा घरगुती : ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे. सकाळच्या नाश्त्याला सुशिला. मुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परततात, वरून डाळ्याचं कूट आणि कोथिंबीर. पोहे खाऊन कंटाळलेल्या माणसाने एकदा तरी खावा. मिरचीची भजी सोबत असली तर उत्तम.

दुसरा प्रवाह हैदराबादी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य गेलं, पण स्वयंपाकघरातली चव राहिली. इतवारा, देगलूर नाका या भागांत सकाळी तहारी मिळते. खिचडी आणि खट्टा ही जोडीही तिकडचीच. तीळ, चिंच आणि कांद्याचा हा पातळ आंबट खट्टा गरम खिचडीवर ओततात, सोबत पापड. दुपारी-रात्री बिर्याणी, बगारा भात आणि दालचा. दालचा म्हणजे डाळ आणि दुधी घालून केलेली चिंचेची आंबट आमटी, बहुतेक ठिकाणी मटण घालून. शाकाहारी असाल तर मागवण्याआधी विचारून घ्या.

तिसरा प्रवाह पंजाबी आणि तो आला गुरुद्वाऱ्यासोबत. इथला कडाह प्रसाद म्हणजे कणीक, तूप आणि साखरेचा शिरा. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात लस्सी, पराठे, छोले मिळतात. पण खरा अनुभव आहे तो लंगरचा.

हंगाम असेल तर अर्धापूरची केळी विसरू नका. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचा अर्धापूर तालुका केळीसाठी ओळखला जातो.

लंगरमध्ये कुणीही जेवू शकतं का?

हो. जात, धर्म, गाव कुणी विचारत नाही. पैसेही लागत नाहीत. काही साध्या गोष्टी मात्र पाळायच्या.

- डोकं झाकलेलं हवं. रुमाल सोबत ठेवा.
- चपला बाहेर ठेवायच्या, हातपाय धुऊन आत जायचं. तंबाखू, गुटखा, सिगारेट खिशातसुद्धा नको.
- पंगतीत खाली बसायचं. पोळी वाढताना दोन्ही हात पुढे करून घ्यायची.
- लागेल तेवढंच घ्या. मागून वाढतात, पण ताटात टाकलेलं अन्न तिथं चांगलं दिसत नाही.
- वेळ असेल तर जेवणानंतर भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला बसा. याला सेवा म्हणतात. पाहुण्याने हात लावला तर कुणी अडवत नाही.

अमृतसरहून नांदेडला येणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसची ख्याती यामुळेच आहे. दोन हजार किलोमीटरच्या या प्रवासात वाटेतल्या स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना फुकट जेवण देतात.

गुरुद्वारा एवढा महत्त्वाचा का?

शिखांची पाच तख्त आहेत, त्यांतलं एक नांदेडला. दहावे गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथं आले. इथंच त्यांची माधोदास बैराग्याशी गाठ पडली. तोच पुढे बंदासिंग बहादूर झाला. याच शहरात ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी देह ठेवला आणि आपल्यानंतर देहधारी गुरू नसेल, गुरू ग्रंथसाहिब हाच गुरू, असं सांगितलं. म्हणजे शीख धर्माला आज जे रूप आहे, त्यातला एक निर्णायक क्षण गोदाकाठी घडला.

आजची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. विशेष म्हणजे हा मुलूख त्यांचा नव्हता, निजामाचा होता. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीला तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने रस्ते, घाट, विमानतळ अशी कामं झाली. आजचं नांदेड बऱ्याच अंशी त्या वर्षाने घडवलेलं आहे.

दर्शनाला संध्याकाळी जा. गुरूंची शस्त्रं तेव्हा संगतीला दाखवतात. दसरा आणि होळीला इथं हल्लाबोल मिरवणूक निघते. तेव्हा शहरात पाय ठेवायला जागा नसते, राहण्याची सोय आधी करूनच निघा.

नांदेड शहरात आणखी काय बघायचं?

घाट : नगीना घाट, बंदा घाट. गुरुद्वाऱ्यापासून चालत जाता येतं. सूर्यास्ताला नदीकाठी बसा. दिवाळीत बंदा घाटावर पहाटेची मैफल होते, तेव्हा आख्खं शहर नव्या कपड्यांत नदीकाठी येतं.

किल्ला : गोदावरीच्या वळणावर नंदगिरी किल्ला आहे. रायगड-प्रतापगडासारखा भव्य नाही. बुरुजावरून नदीचं पात्र मात्र मोठं सुरेख दिसतं.

विष्णुपुरी : शहरापासून आठ-दहा किलोमीटर. शंकरराव चव्हाणांच्या नावाचा हा प्रकल्प देशातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांपैकी एक आहे. जलाशयाच्या काठी काळेश्वराचं जुनं मंदिर आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही याच बाजूला. पावसाळ्यात दरवाजे उघडलेले असताना पात्रात उतरू नका.

पीपल्स कॉलेज : पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत. प्राचार्यही झाले. त्यांच्याशी वाद घालायला महाराष्ट्रभरातून माणसं नांदेडला यायची.

एक दिवस जादा असेल तर?

कंधार : नांदेडहून सुमारे ५० किलोमीटर. राष्ट्रकूटांचं हे महत्त्वाचं नगर. किल्ल्याभोवती पाण्याने भरलेला खंदक अजून आहे. गावात अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष आहेत. नुसतं पाऊल बघितलं तरी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज येतो.

माहूर : सुमारे १२५ किलोमीटर. साडेतीन शक्तिपीठांपैकी रेणुकामातेचं ठाणं. इथला प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल. दत्तशिखर, अनसूया मंदिर, किल्ला आणि पांडवलेणी धरून पूर्ण दिवस लागतो.

सहस्रकुंड : पैनगंगेवरचा धबधबा, नांदेड आणि यवतमाळच्या हद्दीवर. जुलै ते ऑक्टोबरमध्येच जा. उन्हाळ्यात तिथं फक्त काळा खडक दिसतो.

होट्टल : देगलूर तालुक्यात. चालुक्यकालीन मंदिरांवरचं कोरीवकाम बघायला अभ्यासक येतात, सामान्य प्रवासी फारसे फिरकत नाहीत. गर्दी नको असेल त्यांच्यासाठी.

नांदेड ते लातूर रस्त्यावर कुठं थांबायचं?

अंतर सुमारे १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूरवरून रस्ता जातो. या रस्त्यावरचा सगळ्यांत चविष्ट थांबा म्हणजे लोहा. इथले दही-धपाटे प्रसिद्ध आहेत. ज्वारीचं पीठ, तिखट, लसूण, तीळ घालून हातावर थापलेलं धपाटं, त्यावर घट्ट दही आणि बाजूला चटणी. एसटीतली माणसंसुद्धा इथं उतरून बांधून घेतात.

लोहा तालुक्यातच माळेगाव आहे. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेला इथं घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार भरतो. तमाशा, लावणी, कुस्त्या, घोंगड्या, सगळं एका माळावर असतं. डिसेंबर-जानेवारीत प्रवास असेल तर तारीख बघून निघा.

लातूरमध्ये सुरुवात कुठून करायची?

गंजगोलाईपासून. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल इमारत आणि तिथून सोळा रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले. निजामाच्या काळात आखलेली ही बाजारपेठ. प्रत्येक रस्त्याचा धंदा ठरलेला. एकीकडे सोनं-चांदी, एकीकडे कापड, पुढे भुसार, भांडी, मिरची, गूळ. सकाळी अकराच्या सुमारास जा आणि पायी फिरा. वाट चुकलात तर कुठल्याही रस्त्याने परत मधे या, मंदिर समोर येतंच.

बाजारातून काय घ्यायचं? लातूर हे डाळींचं शहर. इथल्या बाजार समितीतला तुरीचा आणि सोयाबीनचा भाव राज्यभरातले शेतकरी रोज मोबाइलवर बघतात. जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर या तिघांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे त्या गावच्या मातीतून आलेला मालच ते नाव लावू शकतो. गावी नेण्यासाठी किलोभर डाळ आणि चिंच यापेक्षा चांगली भेट नाही. फक्त घेताना माल नक्की कुठला हे विचारा. नाव सांगून दुसरंच गळ्यात मारणारे सगळीकडे असतात.

शहरात सिद्धेश्वर-रत्नेश्वराचं जुनं देवस्थान आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. सुरतशहावली दर्गा आहे. लातूरचं जुनं नाव लट्टलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवून घेत. १९८२ मध्ये जिल्हा झालेलं हे शहर म्हणजे नवं गाव असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लातूरमध्ये काय खायचं?

निलंगा राईस : नाव इंग्रजी, चव अस्सल लातुरी. भरपूर मसाला आणि तेलाच्या फोडणीचा झणझणीत भात. निलंग्याहून निघून लातूरच्या गाड्यांवर आला आणि शिकायला आलेल्या पोरांनी तो राज्यभर सांगितला. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा.

सुशिला आणि भजी : सकाळचा नाश्ता. नांदेडच्या आणि लातूरच्या सुशिल्यात कुठला चांगला यावर वाद घालू नका, संपत नाही.

उजनीची बासुंदी : लातूरहून औसामार्गे तुळजापूरला जाताना उजनी लागतं. धरणाचं उजनी वेगळं, हे औसा तालुक्यातलं. इथली बासुंदी खाण्यासाठी तुळजापूरचे भाविक मुद्दाम थांबतात.

भाकरी-पिठलं : मेसमध्ये रोज पोळी-भाजी खाणाऱ्या पोरांना रविवारी न्यायचं असेल तर ज्वारीची गरम भाकरी मिळते तिथं न्या. हिवाळ्यात शेतावर हुरडा मिळतो.

मुलांना क्लासला सोडायला आलात तर?

'लातूर पॅटर्न'मुळे दरवर्षी हजारो मुलं या शहरात येतात. राजर्षी शाहू आणि दयानंद ही कॉलेजं आणि आता ट्यूशन एरियातले क्लास. मुलगा दोन वर्षं इथं राहणार. प्रवेशाच्या दिवशी पालक फी, निकाल, खोली सगळं तपासतात. शहर मात्र दाखवत नाहीत.

आमची सूचना अशी. परतीची गाडी एक दिवस पुढे ढकला. मुलासोबत मेसमध्ये एक वेळ स्वतः जेवा. भाजीपेक्षा पिण्याचं पाणी, भांडी आणि वाढणाऱ्याचं बोलणं बघा. गंजगोलाईत सोबत फिरा. दवाखाना, औषधाचं दुकान, वाचनालय, एसटी स्टँड हे पायी दाखवा. एखादं बरं खाण्याचं ठिकाण दोघांनी मिळून शोधा आणि ठरवा की चाचणी परीक्षेत मार्क कमी पडले त्या दिवशीसुद्धा इथं येऊन खायचं.

हे वरवर किरकोळ वाटतं. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला अनोळखी शहरात खोली, क्लास आणि मेस एवढाच त्रिकोण माहीत असेल, तर वाईट दिवशी जायला त्याच्याकडे जागा नसते. ओळखीचं एखादं मंदिर, बाग, चहावाला, नदी-तलाव असला तर शहर थोडं आपलं होतं. अभ्यासाचा ताण त्याने संपत नाही, पण एकटेपण कमी होतं.

लातूरहून एका दिवसात कुठं?

औसा – खरोसा – निलंगा : सगळ्यांत सोपा मार्ग. औसा लातूरहून २० किलोमीटर. सपाटीवरचा भुईकोट किल्ला, भोवती खंदक. पुढे निलंग्याच्या दिशेने खरोसा. डोंगरात कोरलेली ही लेणी साधारण सहाव्या शतकातली मानतात. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय अशी शिल्पं आहेत. वेरूळची मोठी गर्दी इथं नाही. शांतपणे बसून बघता येतं. शेवटी निलंग्याचं नीळकंठेश्वर मंदिर, तीन गाभाऱ्यांचं. दुपारचं जेवण अर्थातच निलंगा राईस, तोही त्याच्या माहेरी.

उदगीर : सुमारे ६५ ते ७० किलोमीटर. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी इथं निजामाचा पराभव केला. त्याच विजयानंतर भाऊंची नेमणूक उत्तरेच्या मोहिमेवर झाली आणि पुढच्या जानेवारीत पानिपत घडलं. किल्ल्यात उदगीरबाबांची समाधी आहे. २०२२ चं मराठी साहित्य संमेलन याच गावात झालं. वेळ असेल तर जवळचं हत्तीबेटही बघा.

किल्लारी : इथं पर्यटक म्हणून जाऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात हजारो माणसं गेली. जुन्या गावाची जागा आणि स्मारक बघताना फोटोपेक्षा शांतता जास्त शोभते. दगड-मातीच्या जड भिंतींनी किती जीव घेतले आणि पुनर्वसनातली गावं कशी उभी राहिली, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

हॉटेलात मिळत नाही असं काय?

वेळा अमावास्या. लातूर-धाराशिव भागात तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहर जवळजवळ रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस. सगळे शेतावर. कडब्याची कोप करतात, लक्ष्मी आणि पांडवांची पूजा होते आणि मग जेवण. बेसन, ओले दाणे आणि रानातल्या सगळ्या भाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताक-ज्वारीचं आंबिल. आंबिल मडक्यात आदल्या दिवशीच लावलेलं असतं, लसणाचा वास लांबून येतो.

हे जेवण विकत मिळत नाही. बोलावणं लागतं. पण बोलावणं मिळणं अवघड नाही. शेत नसलेल्या शेजाऱ्याला, कॉलेजातल्या परगावच्या पोरांना, ओळखीच्या वाहकालासुद्धा लोक सोबत घेऊन जातात. त्या दिवशी लातुरात असाल तर घरमालकाला, दुकानदाराला नुसतं म्हणा, "आम्हाला येळवस बघायचीय." पुढचं ते बघतात.

कधी जावं? काय काळजी घ्यावी?

- ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो. तेव्हा किल्ले-लेणी सकाळी दहाच्या आत उरका.
- धबधब्यासाठी पावसाळा, हुरडा आणि येळवशीसाठी डिसेंबर-जानेवारी.
- तालुक्याच्या गावाला एसटी असते. खरोसा, होट्टलसारख्या ठिकाणी स्वतःची गाडी किंवा दिवसभराची रिक्षा-जीप बरी. भाडं आधी ठरवा, परतीचं धरून.
- किल्ल्यांवर पाणी, खाणं मिळेलच असं नाही. सोबत न्या, कचरा परत आणा. भिंतीवर नाव कोरू नका.
- पाणी जपून वापरा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. 'जलदूत'च्या पहिल्या फेरीत दहा टँकर वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण भरलं तरी त्या उन्हाळ्याची आठवण शहर विसरलेलं नाही. लॉजवर नळ उघडा ठेवणारा पाहुणा इथं कुणालाच आवडत नाही.

याने शहराला काय मिळतं?

पाहुणा फक्त स्टेशन-गुरुद्वारा किंवा स्टँड-क्लास एवढाच फिरला, तर त्याचा पैसाही त्याच रस्त्यावर फिरतो. तो गाड्यावर खाईल, कंधारच्या रिक्षात बसेल, गोलाईतून डाळ घेईल, तर तो पैसा चार घरांत पोचतो. किल्ल्यावर माणसं जायला लागली की झाडी काढा, पायऱ्या दुरुस्त करा असं म्हणणारेही वाढतात. ज्या ठिकाणी कुणी जात नाही, त्याची काळजी कुणी घेत नाही.

आणि दोष फक्त पाहुण्यांचा नाही. "इथं बघायला काय आहे?" हे वाक्य सगळ्यांत जास्त आम्ही नांदेड-लातूरकरच म्हणतो. पाहुणा आला की त्याला मॉलची चौकशी करून देतो आणि घरचं आंबिल लपवतो. पुढच्या वेळी स्टँडवर कुणी वळकटी घेऊन बसलेलं दिसलं आणि त्यानं विचारलं, तर निदान गंजगोलाईचा रस्ता दाखवा. सकाळ असेल तर सुशिल्याच्या गाड्यापर्यंत सोबत जा.